घराबाहेरची आग

मिनेसोटाच्या उत्तर टोकाला, कॅनडाच्या सीमेलगतच्या गावांत जानेवारीत फिरताना शेतघरांच्या मागे एक लहानशी पत्र्याची खोली पुन्हा पुन्हा दिसते. लांबून ती अवजारं ठेवायची खोली वाटते. घरापासून पन्नास-शंभर फुटांवर, छपरावर आखूड धुराडं, पुढे जाड लोखंडी दार आणि बाजूला छातीइतक्या उंचीपर्यंत रचलेली लाकडं. ही त्या घराची भट्टी. घरात कुठे जाळ दिसत नाही, काजळी दिसत नाही. जाळीतून ऊबदार हवा येते, नळाला गरम पाणी येतं, आणि ही सगळी धग ज्या लाकडाची असते ते बाहेर बर्फात जळत असतं.

इथली थंडी आकड्यांत सांगितली तरी पुरती पटत नाही. २ फेब्रुवारी १९९६ रोजी याच राज्यातल्या टॉवर गावात पारा उणे ५१ अंश सेल्सियसवर गेला होता. तो विक्रम झाला. पण उणे वीस-पंचवीस अंशांच्या रात्री इथे दर हिवाळ्यात येतात आणि आल्या की मुक्काम ठोकतात. अशा रात्री घरातली ऊब गेली, तर काही तासांतच नळांतलं पाणी गोठून पाइप फुटू लागतात. म्हणून इथला माणूस आधी ऊब कुठून येणार ते बघतो आणि मग बाकीचं.

शहरात नैसर्गिक वायू पाइपातून येतो. शेतावर तो पोचत नाही. तिथे अंगणात प्रोपेनची टाकी असते आणि ती भरायला ट्रक येतो. २०१३ च्या शरदात मका ओला राहिला, तो वाळवायला शेतकऱ्यांनी भरपूर प्रोपेन वापरला, साठे उतरले, आणि पाठोपाठ कडाक्याचा हिवाळा आला. जानेवारी २०१४ च्या अखेरीस या पट्ट्यात प्रोपेन गॅलनला चार डॉलरच्या वर गेला. मिनेसोटाचे गव्हर्नर मार्क डेटन यांना आणीबाणी जाहीर करावी लागली. त्या दिवसांत ज्यांच्या अंगणात सुकं लाकूड रचलेलं होतं, त्यांना ट्रकची वाट बघावी लागली नाही. लाकडावर घर तापवणं हा काहींना जुन्या वळणाचा हट्ट वाटतो. त्या हिवाळ्याकडे पाहिलं की त्यात शहाणपणही आहे, हे मान्य करावं लागतं.

या भट्टीचा जन्मही अशाच टंचाईतून झाला. १९७३ आणि १९७९ च्या तेलसंकटांनंतर अमेरिकेत हजारो घरांत लाकडाचे स्टोव्ह आले. त्यांच्याबरोबर धुराड्यात डांबर साचून लागणाऱ्या आगी आल्या, घरभर राख आणि सालपटं आली. मग आगच घराबाहेर ठेवली तर? या विचारातून बाहेरची भट्टी निघाली. उत्तर मिनेसोटातल्या ग्रीनबुश या छोट्या गावी १९८४ मध्ये सेंट्रल बॉयलर ही कंपनी सुरू झाली आणि पुढे या धंद्यातलं मोठं नाव बनली.

ज्यांनी तांब्याचा बंब पेटवलेला आहे, त्यांना या भट्टीची रचना वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. मधे जाळ, भोवती पाणी. फरक इतकाच की इथलं पाणी बादलीत उतरत नाही. सातशे-आठशे लिटरपासून दीड हजार लिटरपर्यंतचं पाणी जाळाच्या पेटीभोवती पोलादी कवचात भरलेलं असतं. एक छोटा पंप ते जमिनीखालच्या पाइपातून घरात नेतो. घरातल्या हवेच्या मार्गात बसवलेल्या नळ्यांच्या जाळीतून ते फिरतं, पंखा त्या जाळीवरून हवा फेकतो, आणि निवलेलं पाणी दुसऱ्या पाइपातून भट्टीकडे परततं. अंघोळीचं पाणी शेजारच्या पट्ट्यापट्ट्यांच्या यंत्रात नुसतं त्याच्या सहवासाने तापतं. दोन्ही पाणी एकमेकांत मिसळत नाही. बहुतेक भट्ट्यांचं कवच वरून हवेला उघडं असतं, त्यामुळे आत वाफेचा दाब साठत नाही.

आता लाकूड. अमेरिकेत सरपण ‘कॉर्ड’मध्ये मोजतात: चार फूट रुंद, चार फूट उंच, आठ फूट लांब अशी गच्च रचलेली रास, म्हणजे १२८ घनफूट. बाहेरच्या भट्टीला एका हिवाळ्यात दहा-बारा कॉर्ड सहज लागतात. दहा कॉर्डची रास सलग लावली तर ती ऐंशी फूट लांब होते आणि ओकसारखं जड लाकूड असेल तर वजन पंधरा टनांच्या पुढे जातं. आणि हे वजन एकदा उचलून भागत नाही. झाड पाडताना, तुकडे करताना, फोडताना, रचताना, भट्टीजवळ आणताना आणि शेवटी दारातून आत टाकताना तोच ओंडका पाच-सहा वेळा हाताखालून जातो. या कष्टांचं कौतुक करणारे पुष्कळ भेटतात. पण साठी ओलांडलेल्या माणसाच्या पाठीचा आणि गुडघ्यांचा विचारही या हिशेबात धरायला हवा, आणि तो भट्टी विकत घेताना सहसा कुणी धरत नाही.

लाकूड सुकं हवं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. किती सुकं, इथे मात्र घोळ होतो. नुकत्याच तोडलेल्या झाडात जवळजवळ निम्मं वजन पाण्याचं असू शकतं. ते पाणी आधी उकळून वाफ व्हावं लागतं, आणि त्यात खर्च झालेली उष्णता धुराड्यातून आकाशात जाते. वीस टक्के ओलीचं एक किलो लाकूड साधारण चार युनिट विजेइतकी उष्णता देतं. तेच लाकूड निम्मं ओलं असेल तर जेमतेम दोन. म्हणजे ओलं लाकूड जाळणारा माणूस दुप्पट ओझं वाहतो, दुप्पट वेळा दार उघडतो. सुकेपणा ओळखायच्या खुणा जुन्या जाणत्यांना पाठ असतात. टोकाला मध्यापासून कडेकडे भेगा गेलेल्या दिसतात, साल हाताने सुटते, आणि दोन फोडी एकमेकींवर आपटल्या तर खणखणीत आवाज येतो. ओल्या लाकडाचा आवाज बद्द असतो. हल्ली दोन सुयांचं ओलमापक स्वस्तात मिळतं. फोड मधोमध चिरून ताज्या अंगावर त्या सुया टोचायच्या. बाहेरून मोजलं तर ते खोटा दिलासा देतं. ओकला दोन उन्हाळे लागतात. बर्चला तेवढे लागत नाहीत, पण तो फोडावाच लागतो, कारण त्याची साल पाणी बाहेर सोडत नाही आणि अख्खा ओंडका आतल्या आत कुजतो.

या सरपणामागे सध्या एक दुःखाची गोष्टही आहे. २००२ मध्ये डेट्रॉइटच्या आसपास एमराल्ड अ‍ॅश बोरर हा हिरवा चकचकीत भुंगा सापडला. तो आशियातून, बहुधा मालाच्या लाकडी खोक्यांतून आला. त्याच्या अळ्या सालीखाली नागमोडी बोगदे कोरतात आणि अ‍ॅश झाडाचं अन्नपाणी तोडतात. मिनेसोटात तो २००९ मध्ये पोचला. या राज्यात अ‍ॅशची झाडं सुमारे शंभर कोटी आहेत. हा भुंगा स्वतः फार लांब उडत नाही. त्याला लांब नेलं ते माणसाने, सरपणाच्या गाडीतून. म्हणून जिथलं लाकूड तिथेच जाळा, असं वन खातं कानीकपाळी ओरडत असतं. मेलेला अ‍ॅश भट्टीला फार चांगला: सरळ फुटतो, लवकर सुकतो. त्यामुळे अनेक घरं सध्या याच लाकडावर तापताहेत. पण याच जातीतल्या काळ्या अ‍ॅशच्या खोडातून पट्ट्या सोलून इथल्या मूळनिवासी ओजिब्वे जमातीचे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या टोपल्या विणत आले आहेत, आणि त्यांना आता चांगलं झाड शोधायला दूर जावं लागतं. भट्टीत जाणाऱ्या फोडीकडे पाहताना ही बाजू दिसायला हवी.

भट्टीत लाकूड घालायला दिवसातून दोनदा जावं लागतं, सकाळी आणि झोपायच्या आधी. दार सरळ ओढून उघडायचं नसतं. आधी बोटभर फट ठेवून दाराच्या आडोशाला उभं राहायचं आणि थोडा वेळ जाऊ द्यायचा. हवेअभावी आत धुमसत पडलेल्या लाकडातून निघालेला वायू कोंडलेला असतो. त्याला एकदम हवा मिळाली तर तो भपकन पेटून दाराबाहेर येतो आणि भुवया-पापण्यांवर भागत नाही. फटीतून आधी पांढरट धूर येतो, मग आतून घोंगावल्यासारखा आवाज, आणि निखारे काळपट लालचे नारिंगी होतात. तेव्हा दार पूर्ण उघडायचं. लांब दांड्याच्या फावड्याने निखारे पुढे ओढायचे, त्यांचा थर सपाट करायचा, राख फार झाली असेल तर मागे सारायची आणि मग लाकूड घालायचं. पेटीच्या भिंतींकडे याच वेळी बघून घ्यायचं. त्या कोरड्या, तपकिरी दिसल्या तर भट्टी ठीक चालली आहे. काळं, चकाकणारं, ओघळ उतरलेलं डांबर दिसलं, तर आग नीट जळत नाही.

आणि ती नीट जळत नाही याचं कारण बहुतेक वेळा जुन्या भट्टीच्या रचनेतच असतं. पाणी ऐंशी-पंच्याऐंशी अंशांवर गेलं की तापमापकाच्या इशाऱ्यावर हवेची झडप बंद होते. घराला ऊब लागेल तेव्हाच आग भडकावी आणि एरवी पडून राहावी, हा त्यामागचा हेतू. पण लाकडाला पडून राहता येत नाही. हवा तोडली तरी ते तापलेलंच असतं, त्यातून वायू सुटतच राहतो, आणि लाकडातली निम्म्याहून अधिक उष्णता या वायूतच असते. तो जळायला भरपूर हवा आणि सहाशे अंशांच्या आसपासची धग लागते. इथे दोन्ही नाहीत. उलट भोवतीच्या पाण्यामुळे भिंती सतत गार. मग तोच वायू भिंतीवर डांबर होऊन चिकटतो, पोलाद खातो, आणि उरलेला धूर होऊन आखूड धुराड्यातून जमिनीलगत पसरतो. दोन दिवस टिकणारी आग म्हणून जे विकलं गेलं, त्यात बराच काळ नुसतं धुमसणं होतं.

यातली खंत अशी की याचं उत्तर आधीच सापडलेलं होतं. मेन विद्यापीठात यंत्र अभियांत्रिकीचे प्राध्यापक असलेल्या रिचर्ड हिल यांनी अमेरिकेच्या ऊर्जा खात्यासाठी एक लाकडी भट्टी बांधली आणि तिचा अहवाल १९७९ मध्ये दिला. त्यांचा विचार साधा होता. आग कधीच दाबायची नाही. उष्णता धरून ठेवणाऱ्या विटांच्या पेटीत, पंख्याने हवा देऊन, लाकूड पूर्ण वेगाने जाळायचं; घराला तेवढी ऊब लगेच नको असेल तर ती पाण्याच्या मोठ्या टाकीत साठवायची. साठा करायचा तो तापलेल्या पाण्याचा, अर्धवट जळालेल्या लाकडाचा नाही. सात हजार लिटर पाणी तीस अंशांनी तापवलं तर त्यात सुमारे २४० युनिट उष्णता मावते, आणि थंड प्रदेशातल्या एखाद्या घराचा दिवस त्यावर निघू शकतो. मिनेसोटातच बनलेल्या गार्न भट्ट्या याच मार्गाने गेल्या: दीड-दोन हजार गॅलनची टाकी, दोन-तीन तासांचा सणसणीत जाळ, आणि मग आग पूर्ण विझलेली. धुराड्यावर पाहिलं तर धूर जवळजवळ दिसत नाही. पण अशी भट्टी महाग, टाकीला जागा फार, आणि पेटवायला माणूस वेळेवर हजर लागतो. बाजार स्वस्त आणि दोन दिवस न बघता चालणाऱ्या पेटीकडे गेला. त्या निवडीची किंमत शेजाऱ्यांनी मोजली.

कारण धूर घराबाहेर गेला म्हणजे तो गेला, असं नसतं. कडाक्याच्या, वारा पडलेल्या रात्री जमिनीलगतची हवा सर्वात गार असते आणि तिच्यावर ऊबदार हवेचं झाकण बसतं. दहा-बारा फुटांच्या धुराड्यातून निघालेला गार धूर त्या झाकणाखाली अडकतो आणि उताराने पुढच्या घराच्या खिडकीशी जातो. त्यातले सूक्ष्म कण फुप्फुसांत खोलवर उतरतात. दम्याच्या मुलाला आणि हृदयाचा त्रास असलेल्या म्हाताऱ्याला ते आधी कळतं. अलास्कात टेकड्यांच्या कुशीत वसलेल्या फेअरबँक्समध्ये हे संकट सर्वात ठळक झालं. २००९ मध्ये तो भाग सूक्ष्म कणांच्या प्रदूषणासाठी मर्यादेबाहेरचा ठरवला गेला, आणि २०२१ पासून तिथे विक्रीचं सरपण सुकंच असावं असा नियम आला.

नियम हळूहळू आले. व्हरमाँट राज्याने १९९७ मध्येच अशा भट्टीपासून शेजारच्या घरापर्यंत २०० फुटांचं अंतर आणि पुरेसं उंच धुराडं सक्तीचं केलं. केंद्राच्या पर्यावरण संस्थेने २००७ मध्ये आधी ऐच्छिक कार्यक्रम काढला, मग २०१५ मध्ये बंधनकारक नियम केले. त्यांची कडक पायरी १५ मे २०२० पासून लागू झाली आणि तिची मर्यादा आधीच्या पायरीच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी आहे. आता विकल्या जाणाऱ्या भट्ट्यांत धुरातला वायू दुसऱ्या कप्प्यात पुन्हा जाळला जातो. पण हे नियम नव्या भट्ट्यांना आहेत. आधी बसवलेली भट्टी जोवर गळत नाही तोवर चालू राहते, आणि जाड पोलादाची भट्टी पंधरा-वीस वर्षंही टिकते. म्हणून जुनी भट्टी ज्याच्याकडे आहे त्याने ती कशी चालवावी, हा प्रश्न कायद्याइतकाच महत्त्वाचा आहे.

त्याने सुकं लाकूड वापरावं, हे झालंच. त्याशिवाय पेटी तोंडापर्यंत भरू नये; पुढच्या दहा-बारा तासांना लागेल तेवढंच घालावं, म्हणजे आग जास्त वेळ जळते आणि कमी वेळ धुमसते. धुराडं शेजारच्या छपराच्या वर न्यावं. कचरा, प्लास्टिक, रंगवलेल्या फळ्या आत टाकू नयेत. दार मोठं आहे म्हणून तसा मोह होतो आणि काही जण त्याला बळी पडतात, तो शेजाऱ्यांवर उघड अन्याय आहे. आणि उन्हाळ्यात नुसत्या अंघोळीच्या पाण्यासाठी भट्टी चालवू नये. तेव्हा घराला ऊब नको असते, झडप दिवसभर बंद राहते, आणि सगळ्यात घाण धूर निघतो तो याच महिन्यांत, शेजाऱ्यांच्या खिडक्या उघड्या असताना.

पाइपाचं दुखणं मात्र डोळ्यांना सहज दिसतं. भट्टीपासून घरापर्यंत बर्फात एक सरळ, वितळलेली रेघ उमटली असेल, तर जमिनीखालचा पाइप ऊब मातीला वाटत सुटला आहे. सुरुवातीला पैसे वाचवायला बुडबुड्यांच्या प्लास्टिकात गुंडाळलेला पाइप घातलेला असतो; त्यात पाणी शिरलं की आवरणाचा उपयोग संपतो. दोन्ही पाइपांभोवती फोम घट्ट भरलेला पाइप महाग असतो, पण तो एकदाच पुरायचा असतो. तसंच परतीच्या पाण्याचं: ते साठ अंशांच्या खाली गेलं तर पेटीच्या भिंतीला आतून घाम येतो आणि त्या आंबट ओलीने पोलाद खाल्लं जातं. एक छोटी तापमानाची झडप हे टाळते. वीज गेली तर पंप थांबतो, म्हणून जाणते लोक जनरेटर तयार ठेवतात.

एप्रिल-मेमध्ये आग विझते तेव्हा खरं देखभालीचं काम सुरू होतं. राख आणि डांबर तसंच राहिलं तर उन्हाळ्याच्या दमट हवेत ती ओल धरते, आणि हिवाळाभराच्या जाळाने झालं नसेल इतकं नुकसान चार महिन्यांच्या निवांतपणात होतं. म्हणून पेटी खरवडतात, कोपरे आणि दाराची चौकट तारेच्या ब्रशने घासतात, राख झाकणाच्या लोखंडी डब्यात काढतात, कारण वरून गार दिसणाऱ्या राखेत निखारा दिवसेंदिवस जिवंत राहू शकतो. दाराच्या कडेची दोरी दबून कडक झाली असेल तर बदलतात. तिथून हवा शिरली तर झडपेचा हिशेब बिघडतो. धुराड्याच्या तोंडावर पावसासाठी झाकण ठेवतात. पाणी मात्र काढून टाकत नाहीत. रिकाम्या कवचात हवा शिरते आणि गंज चढतो. त्याऐवजी छोट्या बाटलीत नमुना भरून तपासणीला पाठवतात. गंज रोखणाऱ्या रसायनाचं प्रमाण कमी भरलं तर ते वाढवतात. काही डॉलरचं हे रसायन टाळल्याने आठ-दहा हजार डॉलरची भट्टी सांध्यांतून गळू लागल्याची उदाहरणं या भागात पुष्कळ आहेत.

एवढं झाल्यावर चेन-सॉ निघते. जूनमध्ये फोडलेला ओक येत्या थंडीसाठी नसतो. तो त्यापुढच्या हिवाळ्याच्या रांगेत जातो, जमिनीपासून वीतभर उंच फळ्यांवर, कापलेली टोकं वाऱ्याकडे करून. येत्या थंडीची रांग गेल्या वर्षीच लागलेली असते. तिच्या माथ्यावर पत्रा टाकायचा, बाजू उघड्या ठेवायच्या आणि मधल्या फोडी काढून ओलमापकाच्या सुया टोचून बघायच्या.